लंडनमध्ये शिकताना सत्तरी-पेडण्याच्या चित्रकारांसाठी केलेलं पुस्तक: एक प्रकरण अभ्यास

गोव्यातल्या तरुण कलाकाराची एक अडचण बाहेरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. त्याचं वर्षातलं सगळ्यात चांगलं काम वर्ष संपायच्या आत नाहीसं होतं. चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागी, रात्री जागून रंगवलेला गणपती कुणाकडे दीड दिवसाने, कुणाकडे पाच-सात दिवसांनी पाण्यात जातो. नरकासुराचे पुतळे तर जाळण्यासाठीच बांधतात. वाड्यावरची पोरं महिनाभर खपतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळं पेटवून देतात. शिगम्याचा चित्ररथ शेवटच्या मिरवणुकीनंतर सुटा होतो आणि त्याचं लोखंड पुढच्या वर्षासाठी कुणाच्या तरी परसात पडून राहतं. या मुलांचे हात तयार असतात, गावात नावही असतं. पण कुणी काम दाखवायला सांगितलं, तर मोबाइलमधले धूसर फोटो निघतात. त्यांत मूर्ती मागे असते आणि पुढे यजमानांचं कुटुंब उभं असतं.

हे प्रकरण अशा अठरा मुलामुलींचं आणि त्यांच्यासाठी निघालेल्या एका पुस्तकाचं आहे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तीन तालुक्यांतली ही मुलं १६ ते २६ वयाची होती. पुस्तकाची कल्पना मांडणारी विद्यार्थिनी त्यांच्यातलीच होती. पणजीत कलेचं शिक्षण घेऊन ती चित्रकथा आणि पुस्तकरचनेच्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी लंडनला गेली होती. मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतो. ती माझ्याकडे शिकलेली, आणि गोव्याकडची बरीचशी कामं मी सांभाळली. त्यामुळे हे लिखाण तटस्थ नाही, जवळून पाहिलेल्याचं आहे.

वर्षाची आखणी

ब्रिटनमधला पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा सप्टेंबरात सुरू होऊन पुढच्या सप्टेंबरच्या सुमारास संपतो. गोव्याचं सणांचं वर्षही साधारण तसंच: भाद्रपदात चवथ, आश्विनात नरकासुर, फाल्गुनात शिगमो. ती विमानात बसली तेव्हा चवथ नुकतीच आटोपली होती. म्हणजे नरकासुर आणि शिगमो हातात होते, गणपती मात्र निसटलेला होता.

पावसाआधी पुस्तक छापायचं तर मूर्तींचे चांगले फोटो मिळणार नव्हते. मूर्तींसाठी थांबायचं तर छपाई थेट पावसाळ्यानंतर गेली असती आणि तोवर तिचा अभ्यासक्रम, तिथली यंत्रं, तिथले शिक्षक सगळं हातचं गेलं असतं. वाट चित्रशाळेतल्याच एका मुलाने काढली. तो डोळ्यांची आखणी करतो. मूर्तीचा चेहरा जिवंत होतो तो त्या शेवटच्या दोन रेषांनी, आणि चित्रशाळेत हे काम सगळ्यांच्या हाती देत नाहीत. सरावासाठी तो जुन्या वह्यांमध्ये डोळेच डोळे काढत असे. त्या वह्या त्याने माझ्यापुढे ठेवल्या. पुस्तकातला गणपतीचा भाग मग मूर्तींचा न राहता आखणीचा झाला: भुवईची पहिली रेष, पापणी, बुबुळाची जागा, नजर किती खाली ठेवायची. माझ्या मते पुस्तकाची सगळ्यात मोलाची पानं हीच आहेत. तयार मूर्ती हजारो लोक पाहतात, तिच्या मागचा सराव कुणी पाहिलेला नसतो.

पैसे कुणाचे, पुस्तक कुणाचं

परदेशी शिकणाऱ्या मुलांना गावासाठी काही करायचं असलं की पहिला विचार येतो तो तिथे पैसे गोळा करायचा. इथे त्याला दोन ठिकाणी अडसर आला. दोन्ही अडसर सविस्तर सांगतो, कारण अशा कामात उत्साहाच्या भरात लोक नेमके इथेच अडकतात.

पहिला व्हिसाचा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरचं शिक्षण घेणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. स्वतःच्या नावावर पुस्तक काढून तिथे विकलं असतं तर ते व्यवसायात मोडलं असतं. म्हणून तिने प्रकाशक व्हायचं नाही, विक्री करायची नाही आणि पुस्तकातून एक पैसाही घ्यायचा नाही, असं सुरुवातीलाच ठरलं. प्रकाशक झालं गावचं सांस्कृतिक मंडळ. ते १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेलं आहे, त्याचं बँक खातं आहे आणि दरवर्षी हिशेब तपासला जातो. तिची मांडणी आणि रचना तिच्या अभ्यासाचा भाग म्हणून धरली गेली.

दुसरा अडसर देणग्यांचा, आणि तो खास गोव्याचा आहे. स्विंडन आणि लंडनच्या आसपास गोंयकारांची मोठी वस्ती आहे. त्यांतले पुष्कळ जण पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे गेलेले. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तो मिळवता येतो. माणूस आपल्या वाड्यावरचा, चवथीला घरी येणारा, आरतीला टाळ वाजवणारा. पण त्याने भारताचं नागरिकत्व सोडलेलं असतं, आणि विदेशी अंशदानाच्या २०१० च्या कायद्यापुढे तो विदेशी स्रोत ठरतो. त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला त्याची देणगी घेता येत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही नाही. नोंदणी करायची तर २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं उघडण्यापासून सगळं आलं, आणि एका पुस्तकासाठी गावच्या मंडळाने तेवढा पसारा उभा करण्यात अर्थ नव्हता. याउलट भारतीय पासपोर्टवर तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पाठवलेले पैसे विदेशी अंशदान धरले जात नाहीत.

हे समजावून सांगणं सोपं नव्हतं. स्विंडनहून एका काकांनी मोठी रक्कम देऊ केली होती. ती परत केल्याने ते दुखावले. "मी परका कधीपासून झालो?" असं त्यांनी विचारलं, आणि त्याचं उत्तर कायद्याच्या कलमांत नाही. अखेर सनदी लेखापालाच्या सल्ल्याने असं ठरलं की मंडळ पणजीतल्या एका पुस्तकविक्रेत्याला नेहमीच्या सवलतीने प्रती विकेल, आणि परदेशातल्या गोंयकारांना हव्या तर त्या ते त्या दुकानातून विकत घेतील. काकांनी तशा प्रती घेतल्या आणि सगळ्या आपल्या गावच्या शाळेला पाठवल्या.

निधी मग तीन ठिकाणांहून उभा राहिला: तिची अर्धवेळ नोकरीतली बचत, तिथल्या भारतीय पासपोर्ट असलेल्या मित्रमंडळींची मदत आणि गोव्यातल्या लोकांनी आगाऊ नोंदवलेल्या प्रती. रक्कम भरपूर नव्हती. हातातल्या पैशात पुठ्ठा बांधणीचं जाडजूड देखणं पुस्तक होऊ शकत होतं, किंवा साध्या बांधणीचं पुस्तक आणि प्रत्येक कलाकाराला मानधन. मंडळातल्या काही ज्येष्ठांना पहिला पर्याय हवा होता. मुलांचं नाव छापून येतंय, तेच त्यांचं मानधन, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पूर्वी असंच चालायचं. त्यांच्यातलेच एक आजोबा मात्र दीनानाथ दलालांचा दाखला देऊन उलट बोलले. दलाल मडगावात जन्मलेले, त्यांची चित्रं आपण कुठल्या गॅलरीत पाहिली नाहीत, मुखपृष्ठांवर आणि दिवाळी अंकांत पाहिली. आणि छापणाऱ्याने चित्राचे पैसे द्यायचे असतात हे मराठी प्रकाशनाला नवं नाही.

पुठ्ठा गेला, मानधन राहिलं. सगळ्यांना सारखं, वयावर किंवा पदवीवर कमी-जास्त नाही. या निर्णयाच्या बाजूने मी तेव्हाही होतो आणि आजही आहे. रक्कम छोटी होती, पण प्रत्येकाला बिल करायला लावलं: नाव, पत्ता, कामाचं वर्णन, रक्कम, बँक खात्याचा तपशील. यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या चित्राचं बिल केलं. नरकासुर आणि चित्ररथाची कामं ही मुलं तोंडी बोलीवर घेतात, आणि शिगमो संपल्यावर उरलेल्या पैशांसाठी पावसाळ्यापर्यंत फेऱ्या मारतात. बिल करायची सवय हा पुस्तकाचा हेतू म्हणून कुणी लिहिला नव्हता. तरी माझ्या लेखी तो फार मोठा फायदा आहे.

सह्या

चित्र छापायचं तर परवानगी लेखी हवी. भारतीय कायद्यात चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराचा, त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. मंडळाने हक्क विकत घेतले नाहीत, फक्त पहिल्या आवृत्तीपुरती छापण्याची परवानगी घेतली. कागद एका पानाचाच होता, पण त्यातल्या दोन ओळींवर बराच वेळ गेला. १९५७ च्या कायद्यानुसार परवानगीच्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर ती फक्त भारतापुरती धरली जाते. पुस्तक लंडनच्या ग्रंथालयात जाणार, तिथल्या लोकांच्या हाती पडणार, म्हणजे प्रदेश लिहिणं भाग होतं. आणि मुदत आम्ही मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे पुढे कुणाच्या चित्राला चांगला प्रकाशक मिळाला तर मंडळाची परवानगी आड यायला नको.

दोघे अठराच्या आतले होते. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, व्यक्तीशी केलेला करार टिकत नाही, म्हणून पालकांना बोलावलं. एका मुलाचे वडील टिपरचालक. सही करण्याआधी त्यांनी मुलाचं चित्र मागून घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिले. तोवर त्यांनी ते पाहिलंच नव्हतं.

नरकासुराचा प्रश्न वेगळा निघाला. तो एकट्याचा कधीच नसतो. सांगाडा एकाने बांधलेला, गवत आणि कागद दुसऱ्याने चढवलेला, तोंडाचा साचा तिसऱ्याचा, रंग चौथ्याचा. एकाचं नाव घालून बाकीच्यांना "आणि मित्र" म्हणणं सगळ्यांना सोयीचं वाटत होतं, कारण जागा थोडी. तिने ते ऐकलं नाही. प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काम असं दोन्ही छापलं: सांगाडा कुणाचा, मुखवटा कुणाचा, विजेची हालचाल कुणाची. शिवाय ज्याने फोटो काढला त्या फोटोवर त्याचा वेगळा हक्क असतो, म्हणून त्याचीही सही घेतली. नावांचं पान त्यामुळे लांबलं आणि एक चित्र कमी झालं. ते चित्र ज्याचं होतं तो आधी रुसला. पण त्याचं नाव नरकासुराच्या मुखवट्याखाली आहे.

रात्रीचे वर्ग

हिवाळ्यात गोवा लंडनच्या साडेपाच तास पुढे, तिथली घड्याळं मार्चअखेरीस सरकली की साडेचार तास. तिथल्या दुपारी साडेतीनला इथे रात्रीचे नऊ, उन्हाळ्यात आठ. मुलं दिवसभर कॉलेजात, कारखान्यात, हॉटेलात. त्यामुळे ती लंडनहून घेत असलेल्या वर्गांना ही वेळ दोन्हीकडे जमली.

वर्ग पहिल्यांदा फोटोंचे. पुस्तकाच्या ए४ आकाराच्या पानावर चित्र नीट उठायचं तर इंचाला ३०० बिंदू धरून २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. वॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो, लांब बाजूला सोळाशेच्या आसपास पिक्सेल उरतात, आणि तेवढ्यात जेमतेम साडेतेरा सेंटिमीटरचं चित्र होतं. म्हणून फोटो फाइल म्हणून पाठवायचा. चित्र बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, उन्हाच्या थेट झोताबाहेर उभं करायचं. फ्लॅश बंद. फोन चित्राला समांतर, तिरका नाही, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. बाजूला एक पांढरा कोरा कागद ठेवायचा, म्हणजे नंतर रंग जुळवताना पांढरं कुठलं ते कळतं. हे एवढंच होतं, पण पहिल्या महिन्यात आलेले फोटो आणि चौथ्या महिन्यात आलेले फोटो शेजारी ठेवले तर वेगवेगळ्या माणसांनी काढल्यासारखे दिसतात.

नरकासुरासाठी नियम निराळे. तो पूर्ण होतो चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, आणि अंधार पडला की दिवे लागतात, स्पर्धेचे परीक्षक येतात, गर्दी होते. सूर्य मावळल्यानंतरची वीसेक मिनिटं फक्त हातात असतात, जेव्हा आकाशात अजून उजेड आहे आणि नरकासुराचे दिवेही लागलेत. प्रत्येक मंडळात एका मुलाने त्या वेळी दुसरं काही करायचं नाही, फक्त फोटो काढायचे, असं ठरवलं. ज्याला हे काम दिलं तो नाराज, कारण नेमकी तीच वेळ मिरवायची असते. तरी फोटो आले.

मग लिहिण्याचे वर्ग. प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल आठ-दहा ओळी लिहायच्या. यातली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात, प्राथमिक शाळेत मराठी शिकलेली, कॉलेजात इंग्रजी. कुणी कुठल्या भाषेत लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवलं. बहुसंख्यांनी मराठीत लिहिलं, काहींनी कोकणीत, आणि मागच्या पानांवर सगळ्यांचा इंग्रजी सारांश आला. पहिल्या मसुद्यांत सगळीकडे "मला लहानपणापासून चित्रकलेची आवड होती" हेच वाक्य. तिने ते कुणाचंच छापायचं नाही असं सांगितलं आणि त्याऐवजी एकच प्रश्न दिला: हे काम करताना सगळ्यात अवघड काय गेलं? उत्तरं बदलली. एकाने लिहिलं की थर्माकोलवर ऑइल पेंट लावला की तो विरघळतो, म्हणून आधी कागदाचा थर द्यावा लागतो. एकीने लिहिलं की रंगवायला बसायला घरात जागा नाही, म्हणून तिची सगळी चित्रं वहीच्या आकाराची आहेत.

काय निवडायचं

लंडनहून गोव्याकडे पाहताना जे दिसतं आणि गोव्यात राहून जे दिसतं, त्यात अंतर असतं. तिने सुरुवातीचा आराखडा तिथे वर्गात दाखवला तेव्हा बरीच दाद मिळाली ती देवळाच्या भिंतींवरच्या कावीकामावरून केलेल्या चित्रांना, लाल मातीला, गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला. ती चित्रं चांगलीच होती. जुन्या देवळांच्या चुन्याच्या भिंतीवर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असताना खरवडून काढलेल्या आकृत्या ज्याने पाहिल्यात, त्याला त्यांची ओढ वाटणारच. पण तेवढंच घेतलं असतं तर पुस्तक पाहुण्यांसाठीच्या गोव्याचं झालं असतं.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातली एक मुलगी उभे ट्रक काढते. २०१२ मध्ये खनिज उत्खनन थांबलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्दबातल ठरवले, तेव्हा ती शाळेत होती. दारातले, परसातले, रस्त्याकडेचे ट्रक वर्षानुवर्षं हलले नाहीत, त्यांच्या टायरांतून रोपं उगवली. तिची चित्रं पेन्सिलीची, करडी, पहिल्या नजरेत भरणारी नाहीत. पेडण्याचा एक मुलगा मोपाचं पठार काढतो: आधीचं काजूचं, आणि जानेवारी २०२३ मध्ये विमानं उतरायला लागल्यानंतरचं. या दोघांना पुस्तकात भरपूर पानं मिळाली, कारण निवड लंडनला झालीच नाही. प्रत्येक कलाकाराने आपली चित्रं स्वतः सुचवली, मग इतर दोघा कलाकारांनी त्यांतली निवडली, आणि वाद झाला तर तिघांनी मिळून सोडवला. तिच्याकडे आणि माझ्याकडे निवडीचं मत नव्हतं. पानांचा क्रम, मांडणी, अक्षरं एवढं तिचं. आम्ही दोघेही या मुलांना शिकवणारे, आमचं मत आलं असतं तर त्यापुढे त्यांचं मत बसलं असतं.

गुलाबी रंग

छपाईबद्दल पुष्कळ सांगता येईल, पण मला एकाच रंगाबद्दल सांगायचं आहे.

नरकासुर रंगवताना मुलं झगझगीत रंग वापरतात, विशेषतः गुलाबी. दिव्याखाली तो पेटतो. नेहमीची रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंतून होते आणि हा गुलाबी त्या चौघांच्या मिश्रणात बसत नाही. पडद्यावर दिसणारा रंग कागदावर विटका, शिळा उतरतो. पहिल्या नमुन्याचं पान पाहून मुलांचे चेहरे उतरले. "हा आमचा नाही," एवढंच ते म्हणाले.

लंडनच्या तिच्या कार्यशाळेत रिसोग्राफ यंत्र होतं. जपानी बनावटीचं हे यंत्र दिसायला झेरॉक्ससारखं, पण त्यात एका वेळी एकच रंग, प्रत्येक रंगाचा वेगळा ड्रम, आणि त्या रंगांत एक झगझगीत गुलाबी असतो. शाई कागदात मुरते, पूर्ण वाळत नाही, बोट घासलं तर थोडी उठते. तिने नरकासुराचं एक मोठं चित्र दोन रंगांत वेगळं केलं, काळा आणि तो गुलाबी, आणि ए३ कागदावर छापून मधोमध दुमडलं. एका कागदाची पुस्तकात चार पानं होतात. आमच्या ५०० प्रती. १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम) ए३ कागद साधारण १५ ग्रॅमचा, म्हणजे सगळे मिळून साडेसात किलो. ते तिने ईस्टरच्या सुट्टीत घरी येताना सामानात आणले, प्रत्येक थरामध्ये कोरा कागद घालून.

उरलेली छपाई गोव्यातच केली. लंडनला छापून आणण्याचा खर्च परवडणारा नव्हताच, पण खरं कारण वेगळं होतं: मशीनवर पहिला फॉर्म, म्हणजे सोळा पानांचा ताव, निघताना कलाकारांपैकी कुणीतरी शेजारी उभं असावं. ९६ पानं, म्हणजे सोळा पेजी सहा फॉर्म. ट्रक काढणारी मुलगी आणि आखणी करणारा मुलगा दिवसभर छापखान्यात होते. करड्या पेन्सिलीत किरमिजी झाक येत होती ती तिनेच ओळखली आणि मशीनमनने शाई कमी केली. पान २०० गुणिले २८० मिलिमीटरला कापल्यामुळे रिसोच्या चित्राभोवतीची पांढरी कड गेली आणि गुलाबी रंग पानाच्या काठापर्यंत आला.

बाइंडिंग शिवून केलं, नुसतं डिंकाने नाही. गोव्याची हवा कागदाला सोसत नाही. पावसाळ्यात कागद ओल पितो, कडा लाटा मारतात आणि डिंकाची पाठ सुटते. लंडनहून आलेले कागद तिथल्या कोरड्या खोलीतले होते, म्हणून बाइंडरने ते दोन दिवस आपल्या हवेत उघडे ठेवले आणि मगच दुमडलेल्या फॉर्मांत बसवले. हे त्याने आपणहून केलं, आम्हाला सुचलं नसतं.

हातात पुस्तक आल्यावर

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत, पण वेळ लागतो, म्हणून अर्ज छपाईच्या खूप आधी केला होता. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे किंमत कमी ठेवता आली. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईतलं एशियाटिकचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रती पाठवाव्या लागतात. पुष्कळ छोटे प्रकाशक हे टाळतात. आम्ही पाठवल्या, आणि पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयालाही दिल्या. जळून गेलेल्या नरकासुराचं चित्र त्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयात मागून पाहता येतं.

प्रत्येक कलाकाराला दहा प्रती मिळाल्या, विकायच्या की वाटायच्या ते त्याचं त्याने ठरवायचं. पण प्रतींइतकीच उपयोगाची ठरली ती प्रत्येकाला दिलेली फाइल: आपल्या कामाचे नीट फोटो, त्यांची मापं, माध्यम, वर्ष, आठ-दहा ओळींची ओळख, बिलाचा नमुना आणि परवानगीच्या कागदाचा नमुना. आखणी करणाऱ्या मुलाने ती फाइल दाखवून एका देवळाच्या सभामंडपातलं भित्तिचित्राचं काम मिळवलं, आगाऊ रक्कम घेऊन. चित्ररथ करणारे दोघे आता कामाआधी कागदावर लिहून घेतात. ट्रकवाल्या मुलीने बाहेरच्या एका निवासी कार्यशाळेसाठी अर्ज केला. निवड झाली नाही, पण अर्ज करण्याजोगं काही हातात होतं म्हणून तिने केला.

सगळ्यांचं असं झालं नाही. दोघा-तिघांना या पुस्तकाने काही दिलं असं मला दिसत नाही. एकजण जहाजावर नोकरीला गेला आणि दहा प्रती घरी गठ्ठ्यात आहेत. दक्षिणेतल्या काणकोण-सांगेच्या मुलांनी आम्हाला का वगळलं असं विचारलं, आणि ते रास्त आहे: ओळखी आमच्या उत्तरेकडच्या, म्हणून पुस्तकही उत्तरेचं झालं. आणि मुलींची संख्या मुलांहून बरीच कमी राहिली, कारण नरकासुर आणि चित्ररथ रात्री बांधले जातात आणि रात्री मुलींना घराबाहेर थांबू देत नाहीत. माटोळी, रांगोळी, फुगडीच्या वेळची सजावट या बाजूने सुरुवात केली असती तर चित्र बदललं असतं. पुढचं पुस्तक कुणी केलं तर मी याच बाजूने सुरू करायला सांगेन.

सध्या प्रती संपत आल्या आहेत आणि मंडळाला दुसरी आवृत्ती हवी आहे. उत्पन्नातून सभागृहाचं छप्पर करावं असं कार्यकारिणीतल्या काहींचं मत आहे. पण सह्या पहिल्या आवृत्तीपुरत्याच घेतल्या होत्या, म्हणून प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागणार. विचारायला सुरुवात झाली आहे. बऱ्याच जणांनी होकार दिला आहे, तिघांनी जास्त मानधन मागितलं आहे, आणि मुखवटा करणाऱ्या मुलाने सांगितलंय की त्याचं नवं काम जुन्याहून चांगलं आहे, छापायचं तर ते छापा.